पुस्तकाचा चोर आणि वाचकाचं घर

साहित्याची चोरी इंटरनेटबरोबर आली, असा आपल्याकडे एक समज आहे. तो खरा नाही. देहूला तुकोबांच्या हयातीतच सालोमालो नावाचा एक माणूस होता. तो तुकोबांचे अभंग उचलायचा, शेवटच्या चरणातलं त्यांचं नाव काढून तिथे स्वतःचं घालायचा आणि लोकांपुढे म्हणायचा, अशी हकिगत परंपरेने चालत आली आहे. गाथेत या सालोमालोचा उल्लेख आहे, तुकोबांचा वैतागही आहे. म्हणजे ज्याला आज आपण पायरसी म्हणतो, तिचा त्रास आपल्या सर्वांत मोठ्या कवीला साडेतीनशे वर्षांपूर्वीच झाला होता.

त्या काळी कवीपाशी कुलूप एकच, आपलं नाव. नामदेव, जनाबाई, चोखोबा, श्रीगोंद्याचे शेख महंमद, सगळ्यांनी अभंगाच्या शेवटी आपली नाममुद्रा ठेवली. उर्दू गझलेत हेच काम मक्ता करतो. शेवटच्या शेरात शायर आपलं तखल्लुस गुंफतो. मी मराठीत लिहितो आणि घरात उर्दू ऐकत वाढलो, त्यामुळे या दोन्ही रिवाजांशी माझी ओळख लहानपणापासूनची. दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे. नाव सांगावं लागतं ते लिहिणाऱ्याला. कीर्तनाला बसलेल्या किंवा मुशायऱ्यात वाहवा करणाऱ्या माणसाला कुणी नाव-गाव विचारत नाही.

छापखाना आला आणि हे बदलू लागलं. लंडनमधल्या छापखानेवाल्यांच्या संघाला १५५७ साली राजसनद मिळाली. त्या सनदेने त्यांना छपाईची मक्तेदारी दिली, आणि बेकायदा पुस्तकं शोधण्यासाठी झडती घेऊन ती जप्त करण्याचा अधिकारही दिला. राजाला नको असलेली पुस्तकं थांबवायची होती, व्यापाऱ्याला आपला धंदा राखायचा होता. दोघांची गरज एकाच झडतीत भागली. पुढे १७१० साली राणी ॲनच्या काळात इंग्लंडमध्ये जो कायदा झाला, त्याने नव्या पुस्तकावर लेखकाचा चौदा वर्षांचा हक्क मान्य केला. कॉपीराइटची कहाणी सहसा या सालापासून सांगितली जाते. पण झडती तिच्याआधी दीडशे वर्षं आलेली होती, हे विसरू नये.

आपल्याकडे पहिला कॉपीराइट कायदा झाला १८४७ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीच्या राज्यात. मग १८५७ झालं आणि सरकारला छापील कागदाची धास्ती बसली. १८६७ मध्ये मुद्रणालयं आणि पुस्तकांच्या नोंदणीचा कायदा आला. प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचं नाव आणि छापल्याचं ठिकाण घालणं सक्तीचं झालं, पुस्तकाच्या प्रती सरकारात जमा कराव्या लागू लागल्या आणि दर तीन महिन्यांनी नव्या पुस्तकांची यादी सरकारी गॅझेटात येऊ लागली. या कायद्यातली नोंदणी १८४७ च्या कायद्याखालची कॉपीराइटची नोंदही मानली जाई. एकाच वहीत लेखकाचा हक्क लिहिला जात होता, आणि तीच वही पाहून कोण काय छापतो आहे हे सरकारला कळत होतं. जुन्या मराठी पुस्तकाच्या मलपृष्ठावर किंवा आतल्या पानावर ‘मुद्रक’ आणि ‘प्रकाशक’ असे जे शब्द दिसतात, त्यांच्यामागे हा इतिहास आहे. तो कायदा रद्द होऊन त्याच्या जागी नवा लागू झाला तो २०२४ च्या मार्चमध्ये. दीडशे वर्षांहून अधिक काळ तो टिकला.

तरीही या कायद्याचं बोट छापणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावर होतं. सीताबर्डीच्या फुटपाथवर जुनं पुस्तक विकत घेणाऱ्याला त्याने कधी काही विचारलं नाही. स्वातंत्र्यानंतरचा आपला स्वतःचा कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यानेही मोठ्या प्रमाणावर हीच रेघ पाळली.

माझ्या पिढीला व्हीसीआरचे दिवस आठवत असतील. १९८० च्या दशकात मोहल्ल्यात वर्गणी काढून व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही एका रात्रीसाठी भाड्याने आणला जाई आणि पहाटेपर्यंत तीन सिनेमे पाहिले जात. कॅसेट कायदेशीर आहे की चोरीची, हा प्रश्न कुणाच्या मनात येत नसे. व्हिडिओ चोरीने निर्माते हैराण झाले होते आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हणून १९८४ मध्ये कायदा कडक झाला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत गेली, पुन्हा पकडला गेलेल्याला जास्त शिक्षा ठरली आणि चोरीचा माल वॉरंटशिवाय जप्त करण्याचे अधिकार पोलिसांना मिळाले. धाडी पडल्या त्या व्हिडिओ लायब्रऱ्यांवर. सतरंजीवर बसून सिनेमा पाहणाऱ्या पोरांकडे कुणी आलं नाही. कारण ती पोरं कोण, हे कळण्याचा मार्गच नव्हता, आणि ते कळावं असं कुणाला वाटतही नव्हतं. अपवाद एकच सांगायला हवा. १९९४ च्या दुरुस्तीने संगणकाचं चोरीचं सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरणाऱ्याला मात्र शिक्षेच्या कक्षेत आणलं.

मग इंटरनेट आलं. त्याचं काम कसं चालतं हे थोडं समजून घेतलं पाहिजे, कारण सगळी मेख तिथेच आहे. तुम्ही एखादं पान उघडता तेव्हा तुमच्या जोडणीला कंपनीने दिलेला एक आकडा त्या पानाकडे जातो. त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. हा आकडा बहुतेक वेळा कायमचा नसतो. आज तो तुमच्याकडे असेल, उद्या दुसऱ्या वस्तीतल्या कुणाकडे. मोबाइलवर तर एकच आकडा एका वेळी अनेकांमध्ये वाटलेला असतो. अमुक दिवशी अमुक वाजता तो कुणाकडे होता, हे कंपनीच्या वहीतच सापडतं. दुसरी गोष्ट टोरंटची. या पद्धतीत सिनेमा उतरवून घेणारा माणूस त्याच वेळी आपल्याकडे आलेले तुकडे इतरांना देतही असतो. म्हणजे गिऱ्हाईक आणि दुकानदार एकच झाले. शेकडो वर्षं कायद्याने पाळलेली रेघ इथे पुसट झाली, आणि चोर शोधायचा तर प्रत्येक प्रेक्षकाची वही उघडायची, हा मोह सुरू झाला.

अमेरिकेत तो मोह आधी दिसला. १९९८ च्या तिथल्या कायद्याचा आधार घेऊन संगीत कंपन्या न्यायाधीशाकडे न जाता, नुसत्या कोर्टाच्या कारकुनाच्या शिक्क्यावर ग्राहकांची नावं मागू लागल्या. सप्टेंबर २००३ मध्ये त्यांनी एका दिवसात २६१ लोकांवर खटले भरले. त्यांत न्यूयॉर्कमधली बारा वर्षांची एक मुलगी निघाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने सांगितलं की इंटरनेट जोडणी देणाऱ्या कंपनीकडून अशा रीतीने नावं काढून घेता येणार नाहीत. २००५ मध्ये सोनी बीएमजी या कंपनीच्या संगीताच्या सीडींत एक छुपा प्रोग्राम सापडला. सीडी संगणकात घातली की तो गुपचूप आत जाऊन बसत असे, नक्कल होऊ नये म्हणून. पैसे मोजून सीडी घेणाऱ्या प्रामाणिक गिऱ्हाइकाच्या घरात हा पहारेकरी शिरला होता. ओरड झाली आणि कंपनीला सीडी परत घ्याव्या लागल्या. फ्रान्सने २००९ मध्ये तीन इशाऱ्यांनंतर जोडणी तोडण्याचा कायदा केला. तिथल्या संविधान परिषदेने १० जून २००९ रोजी बजावलं की हे काम न्यायाधीशाचं आहे, एखाद्या सरकारी समितीचं नाही. चार वर्षांनी जोडणी तोडण्याची शिक्षाच मागे घेतली गेली.

आकड्यावरून माणूस पकडण्यात काय धोका आहे, हे महाराष्ट्राने २००७ मध्ये पाहिलं. ते प्रकरण पायरसीचं नव्हतं, पण हत्यार तेच होतं. ऑर्कुटवर छत्रपती शिवाजी महाराजांची विटंबना करणारा मजकूर आला. संताप होणं स्वाभाविक होतं. पुणे पोलिसांनी आयपी ॲड्रेस मिळवला, कंपनीकडून त्यावरचं नाव घेतलं आणि ऑगस्टअखेर बंगळूरच्या एका तरुण संगणक अभियंत्याला अटक केली. कंपनीने दिलेली माहिती चुकीची होती. तो आकडा त्याचा नव्हताच. हे सिद्ध होऊन सुटेपर्यंत त्याचे जवळपास पन्नास दिवस येरवड्याच्या तुरुंगात गेले. ज्याच्या नावाकडे पाहूनच लोक आधी संशय घेतात, अशा माणसाच्या वाट्याला असा चुकीचा आकडा आला तर काय होईल, हा विचार तेव्हा माझ्याच नव्हे, अनेकांच्या घरात झाला. आकडा हा जोडणीचा पत्ता आहे. त्या पत्त्यावर त्या क्षणी कोण बसलं होतं, हे तो सांगत नाही.

यानंतर आपल्याकडे कायदे भराभर आले. २००९ मध्ये महाराष्ट्राने झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले आणि अमली पदार्थांचे गुन्हेगार यांच्यासाठीच्या १९८१ च्या प्रतिबंधक कायद्यात ‘व्हिडिओ पायरेट’ हा शब्द घातला. या कायद्याखाली माणसाला खटल्याशिवाय वर्षभरापर्यंत स्थानबद्ध ठेवता येतं. २०११ मध्ये सायबर कॅफेचे नियम झाले. ओळखपत्र दाखवा, वहीत नाव लिहा. कुणी कोणती पानं उघडली याची नोंद चालकाने वर्षभर ठेवायची. नागपूरच्या कॅफेंतही अशा वह्या होत्या. मी त्यांत नाव लिहिलेलं आहे. त्या वह्या दुकानं बंद झाल्यावर कुठे गेल्या, रद्दीत की आणखी कुठे, हे कोण सांगणार?

याच सुमारास न्यायालयांतून एक नवी पद्धत रुळली. सिनेमा येण्याआधीच निर्माता ‘अज्ञात इसमां’विरुद्ध आदेश मिळवू लागला आणि कंपन्या सरसकट संकेतस्थळं बंद करू लागल्या. २०१२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या अशा आदेशानंतर कायदेशीर व्हिडिओंची मोठी संकेतस्थळंही बंद झाली. जूनमध्ये न्यायालयाला खुलासा करावा लागला की बंदी नेमक्या दुव्यांवर आहे, अख्ख्या संकेतस्थळावर नाही. तरी ऑगस्ट २०१७ मध्ये पुन्हा तशाच आदेशात इंटरनेट आर्काइव्ह अडकलं. दुर्मीळ मराठी आणि उर्दू पुस्तकं जिथे मोफत वाचता येतात, तो हा ग्रंथसंग्रह. दोन सिनेमांच्या चोरीसाठी अडीच हजारांहून अधिक संकेतस्थळांची यादी दिली गेली होती, त्यात एक ग्रंथालय बंद झालं.

या सगळ्या काळात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते मुंबई उच्च न्यायालयात २०१६ मध्ये घडलेलं. ‘ढिशूम’ सिनेमाच्या निर्मात्यांनी दुव्यांची लांबलचक यादी दिली. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी ती तशीच स्वीकारली नाही. प्रत्येक दुवा तपासा, तपासणाऱ्याने आणि वकिलाने प्रतिज्ञापत्रावर सांगावं, आणि अख्खं संकेतस्थळ बंद करायचं असेल तर त्यात कायदेशीर काहीच नाही हे दाखवावं, असं त्यांनी ठरवलं. बंद केलेल्या पानावर वाचकाला कारण कळावं, तक्रार कुठे करायची हे कळावं, असंही सांगितलं. पण ऑगस्टमध्ये त्या पानांवर जो इशारा झळकला त्यात लिहिलं होतं की असा मजकूर नुसता पाहणं हाही गुन्हा असून तीन वर्षं कैद होऊ शकते. देशभर घबराट उडाली. महिनाअखेर न्यायमूर्तींनी तो मजकूर बदलायला लावला. नुसतं पाहणं हा गुन्हा नाही. गुन्हा आहे तो परवानगीवाचून वाटणं, जाहीर दाखवणं, विकणं किंवा भाड्याने देणं, असं त्यांनी स्पष्ट केलं. कीर्तनाला बसलेल्या माणसाचं जुनं स्थान त्या आदेशाने त्याला परत दिलं, असं मी म्हणेन.

पुढच्याच वर्षी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्या नऊ जणांत आपल्या नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडे होते. इथेच शिकलेले, इथल्याच खंडपीठात वकिली केलेले. त्यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात खासगीपणाचा संबंध माणसाच्या प्रतिष्ठेशी आणि स्वतःच्या निर्णयाच्या स्वातंत्र्याशी जोडला. या निकालाने सरकारला कसोटी घालून दिली. खासगीपणात शिरायचं तर त्याला कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय त्या हेतूच्या प्रमाणात हवा. दोन वर्षांनी, ऑक्टोबर २०१९ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने याच निकालावर बोट ठेवून फोन टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणं नष्ट करायला सांगितली.

तुम्ही म्हणाल, कवीला चोरांचा एवढा पुळका का? पुळका नाही. २०१६ मध्ये ‘सैराट’ थिएटरांत तुफान चालू असतानाच त्याच्या चोरीच्या प्रती मोबाइलवर फिरत होत्या. मोठा निर्माता ते सोसतो, लहान मराठी निर्माता बुडतो. माझीही एक कविता गेली काही वर्षं व्हॉट्सॲपवर फिरते आहे. खाली कधी ‘अज्ञात’ असतं, कधी भलत्याच कवीचं नाव. दुखतं. एका हितचिंतकाने सुचवलं, ‘तक्रार कर, पहिल्यांदा नाव कुणी काढलं ते शोधून काढतील.’ २०२१ च्या नियमांत संदेश पहिल्यांदा कुणी पाठवला हे सांगण्याची तरतूद आहेच. ती गंभीर गुन्ह्यांसाठी आहे, माझ्या कवितेसाठी नाही. पण ती कवितेसाठी असती तरी मी वापरली नसती. एका संदेशाचा उगम शोधायचा म्हणजे सगळ्यांच्या संदेशांवर खूण ठेवावी लागते. व्हॉट्सॲपने त्या नियमाला त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं ते याच कारणाने. माझं नाव परत मिळावं म्हणून हजारो अनोळखी घरांची पत्रं कुणी वाचावीत, एवढी माझी कविता मोठी नाही. कुणाचीच नसते.

आणि चोरीच्या संकेतस्थळांबद्दलही भाबडं राहू नये. फुकट सिनेमा देणारं ॲप तुमच्या मोबाइलमधले फोन नंबर, फोटो, कधी बँकेचे संदेशही मागतं. तिथे खासगीपणा चोरच लुटतो. म्हणून चोर पकडला गेलाच पाहिजे. २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्याला जोडलेली दुरुस्ती मला बरीचशी योग्य वाटते. ती थिएटरात चोरून चित्रण करणाऱ्याला आणि ते दाखवणाऱ्याला धरते. शिक्षा तीन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत आणि दंड तीन लाखांपासून निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत. पण त्याच नोव्हेंबरात सरकारने असे अधिकारी नेमले, जे तक्रारीवरून ४८ तासांत दुवे बंद करायला सांगू शकतात. न्यायमूर्ती पटेल यांनी मागितलेली तपासणी इथे कोण करणार? विदा संरक्षणाचा कायदाही २०२३ मध्येच झाला आणि त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात आले. त्यात आपली माहिती जपण्याचं वचन आहे, तसे सरकारसाठी अपवादही ऐसपैस आहेत.

आपण हे बोलतो आहोत ते नभोवाणीवर, हेही ध्यानात घ्या. एके काळी रेडिओला पोस्टातून परवाना काढावा लागे. घरात रेडिओ आहे एवढंच त्यावरून सरकारला कळे. तुम्ही बातम्या ऐकता की गाणी, हे नाही. इंटरनेटची वही याच्या कितीतरी पुढे गेली आहे. तिच्यात आपण काय वाचलं, किती वेळ वाचलं, मध्येच काय सोडून दिलं, सगळं उतरतं. म्हणून पायरसीविरुद्ध पुढचा कायदा येईल तेव्हा शिक्षेचा आकडा पाहून थांबू नका. वाचकाची नोंद कुणाच्या सहीने उघडते, न्यायाधीशाच्या की एखाद्या अंमलदाराच्या, आणि ती किती दिवसांनी पुसली जाते, ती कलमं शोधा. सापडली नाहीत तर आपल्या आमदार-खासदाराला पत्र लिहून विचारा. पाकीट नीट चिकटवून पाठवा.